दोन थर माती

शनिवार, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस. मुक्काम जानेफळ. हजर मंडळी: घरमालक यशवंतराव, त्यांच्या पत्नी सुभद्राबाई, वडील आबा (वय ऐंशीच्या पुढं, खाटेवर), सोनाजी मिस्त्री (म्हणजे गवंडी), बळीराम सुतार, मजूर सहा, आणि मी, ओव्हरसियर. या घराचा प्लॅन माझा.

सकाळी नऊला मी नव्या बैठकीच्या मधोमध मान वर करून उभा होतो. मधल्या तुळईच्या पोटाला एक चीर दिसत होती. सागाच्या तुळईला तेल देऊन ती काळपट झालेली. चीर मात्र आतून पांढरी होती. पांढरी म्हणजे ताजी.

दुसऱ्या दिवशी वास्तुशांत. पाहुणे यायला लागले होते. बैठकीत बायका पत्रावळी मोजत होत्या आणि आबांची खाट नेमकी त्या तुळईखाली होती. तिथं गार लागतं म्हणून.

आधी ही बैठक काय होती ते सांगतो. आपल्याकडं धाब्याचं घर असतं. भिंतीवर तुळया, तुळयांवर कड्या, म्हणजे आडवी बारीक लाकडं, त्यावर फळ्या आणि वर माती. खोली रुंद असली की तुळईखाली मध्ये खांब देतात. यशवंतरावांना खांब नको होता. "पंगतीत खांबामागं बसलेल्या माणसाले वाढपी इसरते," असं त्यांचं कारण. सोळा फुटांची बैठक, मध्ये काही नाही. पंचक्रोशीत असं घर नव्हतं. मी हिशेब केला, जाड तुळई निवडली, वरची माती कमी ठेवली आणि प्लॅन दिला. तुळया चढवताना मी हजर होतो. माती पडली तेव्हा मी देऊळगाव राजाला दुसऱ्या कामावर होतो.

माझ्याजवळ तीन इंची दोन ठोकळे असतात. तुळईच्या दोन्ही टोकांना खालून ते धरायचे आणि त्यांच्या खालच्या कडेवरून दोरी ताणायची. तुळई सरळ असेल तर मधोमधही दोरी तीन इंच खाली राहते. मी फूटपट्टी लावली. अंतर पावणेदोन. म्हणजे तुळई सव्वा इंच वाकली होती.

"बळीराम, वर किती माती आहे?"

"म्या कसं सांगू? माती सोनाजीची."

मी शिडीनं वर गेलो. कडेला सळई टोचली. ती गेली, गेली, आणि दीड फुटावर फळीला अडकली. मी सहा इंच धरून हिशेब केला होता. तिप्पट ओझं, तेही ओलं.

खाली येऊन मी यशवंतरावांना बाजूला घेतलं. "बैठक रिकामी करा. आत्ता."

"काऊन? काय झालं?"

"तुळई वाकली आहे. चीर गेली आहे."

"साहेब, घरात पन्नास मानूस आहे. उद्या वास्तू. आता मी लोकायले काय सांगू, का छत पडून राह्यलं?"

"तेच सांगा. लवकर उठतील."

सुभद्राबाई दारातून ऐकत होत्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलंही नाही. आत जाऊन म्हणाल्या, "बायाहो, पत्रावळी उचला. अंगणात सावली आली." एकीनंही काऊन म्हणून विचारलं नाही. बैठक दोन मिनिटांत रिकामी.

राहिले आबा.

"मी नाई उठत," आबा म्हणाले. "आत्ताच टेकलो."

"आबा, वरतं पाहा, तुळई तडकली," यशवंतराव म्हणाले.

"तडकू दे. तुह्याच हट्टाची हाय. म्या म्हनलं होतं, खांब टाक."

शेवटी चार मजुरांनी खाट आबांसकट उचलली. दारातून ती आडवी जाईना, तिरपी केली. आबा ओरडले, "हळू बे! मी काय पोतं आहो?" त्याच वेळी वर टच्च असा आवाज आला. सगळे थांबले. आबाही गप्प झाले. मग खाट फारच लवकर बाहेर गेली.

मी दोरीशी परत गेलो. अंतर दीड इंच. अर्ध्या तासात पाव इंच आणखी वाकली.

पुढची कामं वहीत क्रमानं लिहिली. क्रम चुकला तर छत येतं. पहिलं, टेकू, म्हणजे खालून आधाराचे वासे. दुसरं, माती उतरवणं. टेकूआधी वर माणूस चढवायचा नाही.

वासे होते, पण लांबीला कमी. बळीरामनं खाली पाटाच्या फळ्या ठेवून उंची काढली. वासा आणि तुळई यांच्यामध्ये पाचर मारायची, ती बेतानं. जास्त ठोकली तर तुळई वर उचलली जाते आणि चीर फाकते. बळीराम एक ठोका मारायचा, मी दोरी पाहायचो. तुळईखाली त्या वेळी आम्ही दोघंच होतो.

"आनखी?"

"अर्धा."

"अर्धा ठोका कसा मारतेत, साहेब?"

"मनगटानं."

तिसऱ्या टेकूनंतर दोरी हलायची थांबली. अकरा वाजले होते.

बाहेर यशवंतराव सोनाजीवर तुटून पडले होते. "तीस वर्षं मिस्त्रीपना करून राह्यला अन् तुले माती किती टाकाची समजत नाई? माह्या बापाच्या डोक्यावर पाडत होता तू!"

 सोनाजीनं मुंडाशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. माझाच कागद, माझंच अक्षर. तुळई इतके इंच. कड्या इतके इंच. फळी इतकी. आणि खाली: माती दोन थर, ठोकून.

"दोन थर म्हणजे सहा इंच," मी म्हणालो. "थर तीन इंचांचा."

"कोन्या गावाचा?" सोनाजीनं विचारलं. "आमच्या इकडं धाब्याचा थर म्हंजे वीत. ठोकून ठोकून वीत. कोनालेबी पुसा. दोन थर लिव्हले, मी दोन वीत टाकली. मले तं वाटलं, साहेबानं इचार केला असन."

वीत म्हणजे नऊ इंच. दोन वीत म्हणजे दीड फूट. आम्हाला शिकवलं तेव्हा थर तीन इंची होता, आणि दुसरा कुठला असतो हे मी कधी विचारलं नव्हतं. प्रत्येक लाकडापुढं मी इंच लिहिले होते. मातीपुढं नाही.

यशवंतराव माझ्याकडं पाहत होते. सोनाजीही. गप्प बसलो असतो तर त्याला जानेफळात पुन्हा काम मिळालं नसतं.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "त्यानं कागद पाळला."

 यशवंतराव म्हणाले, "मंग आता वर कोन जाते?"

"मी आणि सोनाजी."

फळ्या टाकून आम्ही दोघं त्यांच्यावर गुडघे टेकून बसलो. माती मधून काढायची, दोन्ही बाजूंना सारखी. वर ढीग करायचा नाही. घमेलं भरलं की लगेच शिडीवरच्या माणसाकडं. सोनाजी हातानं मोजत होता, मी फूटपट्टीनं. दोनदा भांडलो. चार वाजता छतावर सहा इंच माती उरली.

दोरी पाहिली. अंतर अडीच इंच. तुळई एक इंच परत वर आली होती, अर्धा इंच वाक राहिला. चीर लाकडातल्या गाठीपर्यंत जाऊन थांबली होती. मी सांगितलं, तुळई बदलेपर्यंत टेकू काढायचे नाहीत. वास्तुशांत अंगणात झाली.

घर बांधू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे, म्हणून सांगतो: गवंड्याच्या हातात कागद देण्याआधी त्यातला प्रत्येक शब्द त्याच्याकडून वाचून घ्या आणि बोटानं माप दाखवायला सांगा. ओव्हरसियर हजर असो वा नसो.

त्या संध्याकाळी हौदावर हात धुताना सोनाजी म्हणाला, "साहेब, एक सांगाचं राह्यलं. तुमचा कागद माह्या साडूनं उतरून नेला. संग्रामपूरकडं. तिथल्या एका मालकाले बी बिनखांबी बैठक पाहिजे होती."

"केव्हा?"

"झाला महिना. माती पडली असन आता."

"गाव कोणतं?"

"साडूले पुसा लागन. तो संग्रामपूरच्या बाजारात भेटते."

मी लगेच माणूस मेहकरला पाठवून साडूच्या नावानं संग्रामपूरला तार केली. उत्तर नाही. काल आखाजी, मोटार बंद. आज सकाळपासून मेहकरच्या मोटारस्टँडवर बसलो आहे. ठोकळे, दोरी आणि सळई पिशवीत आहेत. वहीत काल-परवाची सगळी कामं खोडून झाली. एक राहिलं आहे: संग्रामपूरकडचं घर शोधणे, माती मोजणे.

ड्रायव्हर म्हणतो, गाडी भरल्याशिवाय निघणार नाही. अजून चार माणसं कमी आहेत.