नकाशातल्या नदीची ओटी

नदीकाठच्या नव्या पदपथावर पावलापावलाला बाण आहेत. पार्किंग इकडे, स्वच्छतागृह तिकडे, सेल्फी पॉइंट सरळ पुढे. मी रोज सकाळी त्यांच्या हुकमाने चालतो.

काल नकाशाच्या फलकापाशी एक बाई उभ्या होत्या. सोबत लेक, तिच्या कुशीत दीड महिन्याचं बाळ. बाईंच्या पिशवीत खण, नारळ, तांदूळ. बाळंतीण घराबाहेर पडली की आधी नदीची ओटी भरायची, ही त्यांच्या घरची रीत.

"दादा, पाण्यापर्यंत कुठून जायचं?"

वर्षभर घरी 'नदीवर जाऊन येतो' असं सांगून निघणाऱ्या मला ते ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात सुरक्षारक्षक आला. "मावशी, खाली जायला वाट नाही. नदी इथूनच बघायची."

अरे, नदी म्हणजे काय पिंजऱ्यातला वाघ आहे? घाटाच्या पायऱ्या काँक्रीटखाली पुरल्या, वर छातीएवढा कठडा बांधला आणि त्याला म्हणे सुशोभीकरण! सांडपाण्याच्या पाइपाला मात्र नदीची वाट बरोबर सापडलेली आहे. त्याला कुणी अडवत नाही.

बाईंनी वाद घातला नाही. फलकावर नदी म्हणून रंगवलेल्या निळ्या पट्टीला त्यांनी हळदीकुंकू लावलं, खण-नारळ खाली ठेवला आणि लेकीला नमस्कार करायला सांगितलं.

त्या वळणाआड गेल्या न गेल्या तोच रक्षक ओलं फडकं घेऊन आला आणि नदी स्वच्छ करू लागला.