रक्तपिपासू राजाचा सुळा

लग्नात रुखवतातल्या कोरीव खोबऱ्याचा वास आला की मला माझं राज्य आठवतं. राजूरच्या शाळेच्या पटांगणात माझ्या मुलीने लिहिलेलं पहिलंच नाटक होतं. रक्तपिपासूंनी माणसांचं राज्य जिंकलेलं, घरटी लोटाभर रक्ताची वसुली. जुलमी राजा मी, बंदिवान राणी मुलगी. रुखवताचं खोबरं कोरणाऱ्या माझ्या बायकोने मला खोबऱ्याचे दोन सुळे कोरून दिले होते. भर दरबारात गरजता गरजता ते गोड लागायला लागले आणि मी खादाड, एक सुळा चावून गिळून मोकळा! पुढून एक म्हातारी ओरडली, "आगं बया, राजानं सोताचाच दात खाल्ला! लई भुकेला हाय!" पटांगण हसून लोळायला लागलं. मुलीचा चेहरा पांढराफटक. तिचं नाटक मी बुडवलंच होतं. पण ती ताडताड पुढे आली, माझा जबडा धरून लोकांकडे वळवला आणि म्हणाली, "बघा! ह्याला भिऊन रक्त देत होतो आपण? उठा!" आणि हसणारं पटांगण खरोखर उठून उभं राहिलं. मला शेवटच्या अंकात मरायचं होतं, तिने पहिल्यातच आडवा केला. पण मेल्यासारखं पडून राहणं काही जमेना, छातीच फुगत होती. अजूनही नवीन माणूस भेटला की मी आधी सांगतो, मला मारलं ती आमचीच पोरगी.