त्रुक्ता आणि शिंगटा

कारखान्याच्या पाण्याने मेलेले मासे पिशवीत घालून आम्ही प्रदूषण मंडळाच्या कचेरीत तक्रार द्यायला गेलो, तर तिथले साहेब म्हणाले, "माशाचं शास्त्रीय नाव लिहून आणा." पिशवीत डोकावलेसुद्धा नाहीत.

वाचनालयात जाडं पुस्तक उघडलं. आपला मासा सापडेना, परदेशातला ट्राउट मासा मात्र पानभर होता. लॅटिन नाव त्रुक्ता, ते ग्रीकातून आलेलं, अर्थ कुरतडणारा. म्हणजे कधीकाळी कुणीतरी काठावर बसून त्या माशाचं खाणं नीट पाहिलं होतं. नाव असंच पडतं, पाहून.

आणि मी? नदी वाचवायच्या पत्रकांत नुसतं 'मत्स्यसंपदा' लिहीत आलो. लाज वाटली.

शेजारी, माझ्याबरोबर आलेले सदूकाका भोई पिशवी घेऊन बसले होते. जन्म नदीत जाळं टाकण्यात गेलेला.

पिशवीतला मासा दाखवत मी विचारलं, "काका, याला काय म्हणता?"

"शिंगटा. डोक्याजवळचे काटे बघ की, शिंगंच ती. एवढी वर्षं घोषणा देतोस अन् हे ठाऊक नाही व्हय रे?"

अर्जावर मी ठळक मराठीत 'शिंगटा' लिहिलं. साहेब तो परत करतील, करू देत.

काका पिशवीची गाठ मारत म्हणाले, "लिहून ठेव बाबा. महिना झाला, जाळ्यात जिता एक आला नाही."