आमच्या सोसायटीतलं बोरनहाण

अजून डोकं शांत झालेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये सध्या इटलीचं एक जोडपं भाड्याने राहतंय. त्यांनी सांगलीकडच्या एका संस्थेतून चार वर्षांची कमल दत्तक घेतलीये. तिचा पासपोर्ट आला की निघतील.

आज बोरीवलीत आमच्या सोसायटीत लहान मुलांचं बोरनहाण होतं. म्हटलं, जाण्याआधी या पोरीच्या डोक्यावरूनही बोरं-कुरमुरे पडू देत. मीच मायलेकींना घेऊन गेले. हलव्याचे दागिने घालून कमल पाटावर बसली, इतकी खूश.

तिच्यासमोरच सेक्रेटरींच्या मिसेस म्हणाल्या, "आपल्याकडे कुणी घेतली नाही म्हणजे काहीतरी खोट असणार ना." दुसरी म्हणाली, "तिकडे नेऊन भांडीच घासायला लावतील गं." आणि लगेच वळून त्या गोऱ्या आईला 'सो स्वीट', वर सेल्फी. किळस आली यार.

कमलच्या आईने मला विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं, गोड आहे म्हणतायत. तेव्हा माझीही तितकीच किळस आली.

आईला मराठी कळत नाही म्हणून सगळ्या बिनधास्त बोलत होत्या. लेकीला फक्त मराठीच कळतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

परत येताना लिफ्टमध्ये कमलने माझी ओढणी ओढली आणि हळूच म्हणाली, "मावशी, मला भांडी घासता येतात."

तुम्ही काय सांगितलं असतं तिला?