बांधाला लागलेली कुर्ली

कुठल्याही बांधावर गेलो की मी आधी पायथ्याशी उतरतो आणि झिरपणारं पाणी पेल्यात धरून बघतो. हाताखालचे लोक याला माझं खूळ म्हणतात. म्हणोत.

पुण्याहून ओव्हरसियरची परीक्षा पास होऊन मी रत्नागिरीकडच्या एका खाणीवर लागलो, तेव्हा मला चांगलीच शिंगं फुटली होती. खनिज धुतल्यावर उरणारा तांबडा गाळ अडवायला बांध घालायचा, हे माझं काम. पुढं सारा जन्म त्यातच गेला. लोक धरणं बांधून नाव कमावतात, मी चिखल अडवत आलो.

पहिला बांध एका घळीत घातला. खालच्या अंगाला एका म्हाताऱ्या कुणब्याची भातखाचरं होती. घरात तो आणि त्याची विधवा सून, दोघंच. श्रावणातल्या एका सकाळी तो तांब्या घेऊन ऑफिसात आला.

"सायेब, तुमच्या बांदाला कुर्ली लागलीय."

कुर्ली म्हणजे खेकडा, एवढं मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "मग पकडा की, आजोबा. कालवण करा."

कारकून खो खो हसला. म्हाताऱ्यानं तांब्या पुढं केला, "पानी तरी बगा." मी डोकावलोही नाही. तो निघून गेला.

खाचरांच्या बांधाला खेकडे बिळं पाडतात. म्हणून तिकडं कुठल्याही बांधातून गढूळ पाणी यायला लागलं की म्हणतात, कुर्ली लागली. मग आत खेकडा असो वा नसो. निवळ पाणी झिरपलं तर फारशी काळजी नसते. गढूळ आलं म्हणजे बांध आतून पोखरला जातोय. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. त्या म्हाताऱ्याच्या तोंडून मात्र मला ते कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बांध फुटला. सून खाचरात बेणणी करत होती. गाळातून तिला काढायला संध्याकाळ झाली. उपटलेलं तण तिच्या मुठीत तसंच होतं.

म्हातारा कडेला बसून होता. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानं मान वर केली आणि विचारलं, "सायेब, गावली काय कुर्ली?"