कॉव्हेंट्रीचे सुटे भाग

"फॉरेनला तुमचं कोण आहे?" चामराजपेटेतल्या त्या घराची वरची खोली बघायला गेलो तेव्हा गुंडोजीअण्णांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, नोकरी नाही. मी साताऱ्याहून नुकताच बंगळूरला आलो होतो, एका कॉम्प्युटर कंपनीत चिकटलो होतो आणि खोलीसाठी महिनाभर वणवण करून टेकीला आलो होतो. माझा एक मावसभाऊ लंडनला होता. त्याचं माझं कित्येक वर्षांत बोलणं नव्हतं, पण मी ठोकून दिलं की अगदी सख्ख्यासारखा आहे, दर वर्षी येतो. अण्णांनी लगेच किल्ली माझ्या हातात ठेवली. माझ्या आधी एक बँकेतला गृहस्थ येऊन गेला होता. त्याचे सगळे नातेवाईक धारवाडला निघाले, म्हणून त्याला खोली मिळाली नाही.

या प्रश्नाचं कारण मागच्या पडवीत उभं होतं. अण्णांची जुनी हेराल्ड गाडी. मूळची इंग्लंडची, जुळणी मद्रासची, आणि तिचे सुटे भाग इकडे मिळायचे केव्हाच बंद झालेले. अण्णा एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. इंजिन नुसतं दुरुस्त करण्यात त्यांना रस नव्हता. त्यांना ते वाढवायचं होतं. मोठे पिस्टन, जोड कार्ब्युरेटर, व्हॉल्व्हची उघडझाप करणारा नवा कॅमशाफ्ट, सगळं इंग्लंडहून आणून, घरी, स्वतःच्या हातांनी. इंजिन खोलून पडवीभर मांडलेलं होतं. क्रँकशाफ्ट देवघरात, कारण घरात तेवढीच जागा कोरडी. देव स्वयंपाकघरातल्या फळीवर. पिस्टन गुंडाळले होते अक्काच्या लग्नातल्या रेशमी साडीत. अक्का म्हणजे त्यांची बायको. सगळी आळीच तिला अक्का म्हणायची. साडी फाडायच्या आधी तिला विचारलं होतं का, असं मी एकदा अण्णांना हसत विचारलं. ते म्हणाले, "सुती कापडाचे धागे सुटतात." आपण उत्तर दिलं असंच त्यांना वाटलं.

माणूस कामात मात्र देखणा होता. मायक्रोमीटर डोळ्याशी धरून उभे राहिले की त्यांच्या चेहऱ्यावर पूजेला बसलेल्या माणसाची शांतता यायची. मी तासन्‌तास बघत बसायचो. एखादा भाग नीट बसेना, घट्ट जाऊ लागला, की ते म्हणायचे, "स्वल्प घासू दे. बसतं." थोडं घासलं की लोखंड लोखंडाशी जुळवून घेतं, नव्या इंजिनाला पहिले हजार मैल घासावंच लागतं, हे त्यांचं आवडतं तत्त्वज्ञान. अक्काला संधिवात होता. तिच्या गुडघ्यांनाही त्यांनी हेच ऐकवलं होतं.

रेणुका ही त्यांची एकुलती एक मुलगी. मी राहायला गेलो त्याच वर्षी तिचं लग्न ठरलं. दोन स्थळं होती. एक म्हैसूरचा कॉलेजातला लेक्चरर. तो येऊन गेला तेव्हा रेणुका दोन दिवस विनाकारण गुणगुणत होती. दुसरा इंग्लंडला, कॉव्हेंट्री नावाच्या गावात. अण्णांनी गावाचं नाव ऐकलं आणि हातातला कप खाली ठेवला. "कॉव्हेंट्री? आपली गाडी तिथंच जन्मली की." मुलगा बघायला आला तेव्हा अण्णांनी पगार विचारला नाही, पितो का विचारलं नाही. जुन्या गाड्यांच्या भागांचं दुकान घरापासून किती लांब, एवढंच विचारलं. बसने वीस मिनिटं, असं तो म्हणाला. म्हैसूरला नकार गेला. मी हा किस्सा ऑफिसात रंगवून सांगितला. लोक पोट धरून हसले, मीही हसलो.

लग्नानंतर पार्सलं सुरू झाली, माझ्या मावसभावाची गरजच पडली नाही. भागांच्या याद्या मी ऑफिसातल्या प्रिंटरवर इंग्रजीत छापून द्यायचो. पार्सलमध्ये रेणुकाचं पत्र असायचं. ते अण्णा वाचून दाखवायचे, कारण अक्काला अक्षरओळख नव्हती. "सगळं क्षेम आहे. रिंगा मिळाल्या, बेअरिंग पुढच्या महिन्यात." पत्र तीन पानी आणि वाचन अर्ध्या मिनिटाचं, हे अक्काच्या ध्यानात आलं. एकदा ती जिना चढून माझ्याकडे पत्र घेऊन आली. मी बघितलं तर अक्षरं कन्नड. ही मंडळी तीनशे वर्षं इकडची. घरात मराठी बोलायची, पण शाळा कन्नड, त्यामुळे लिहिणं सगळं कन्नडमध्ये. मी पत्र तसंच परत दिलं. ती ते पदराखाली धरून खाली गेली.

वर्षभराने ती पुन्हा आली. तोवर मी बसच्या पाट्या वाचून वाचून अक्षरं लावायला शिकलो होतो. मला ती तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. "तम्मा, येईल तसं वाच," म्हणाली. मी एकेक अक्षर लावत मोठ्याने म्हणू लागलो आणि थक्क झालो. लिपी कन्नड होती, पण बाहेर पडत होती ती त्यांच्या घरातली मराठी. आई, मला इथं राहायचं नाही. हा रोज मारतो. अण्णांना तीनदा लिहिलं. मी अडखळत जात होतो, आणि वाक्य मला कळायच्या आधी अक्काला कळत होतं. मी थांबलो. "पुढं वाच," ती म्हणाली. पुढे, शेवटच्या परिच्छेदात, कॅमशाफ्टची चौकशी केल्याचं नीटनेटकं लिहिलेलं होतं. म्हणजे अण्णांनी तीन पत्रं पूर्ण वाचली होती आणि त्यांतलं फक्त शेवट शेवटचं घरात सांगितलं होतं.

युक्ती माझी होती, आणि तिचा मला फार अभिमान वाटला. जावई रेणुकाला एकटीला येऊ देत नव्हता, पण भाग पुरवण्याचा सासऱ्याला दिलेला शब्द पाळण्यात त्याला मोठेपणा वाटायचा. तेव्हा पुढच्या यादीत मी एक ओळ घातली: कॅमशाफ्ट नाजूक असतो, पोस्टात वाकतो, घरच्या माणसाने हाताने आणावा. अण्णांना दाखवली. ते खूश झाले. "हे शहाणपणाचं बोललास," म्हणाले. मी आणि अक्का दोन महिने एकमेकांकडे चोरून बघून हसत होतो. पोरगी एकदा घरी आली की परत जातेय कशाला, हा आमचा हिशेब.

रेणुका आली. दोन बॅगा, दोन्हींत लोखंड. स्वतःचे कपडे तीन. अण्णा दारातच बॅगेपाशी बसले. एकेक भाग काढून उजेडात धरत होते आणि मुलगी त्यांच्या पाठीशी उभी होती. पंधरा दिवस ते पडवीतून हलले नाहीत. सोळाव्या दिवशी कॅमशाफ्ट बसवायला घेतला आणि तो बसेना. नंतरच्या सालातल्या इंजिनाचा होता, केसभर जाड. यादीतला नंबर अण्णांनीच सांगितलेला. ते तीनदा मोजून आले आणि घरात येऊन म्हणाले, "रेणू, हा बदलून आणायला पाहिजे. तुझं परतीचं तिकीट कधीचं आहे?"

आम्ही जेवायला बसलो होतो. रेणुका उठली, त्यांच्यासमोर गेली आणि उजवी बाही खांद्यापर्यंत वर केली. इस्त्रीचा डाग होता. टोकासकट, पूर्ण आकाराचा. "अण्णा, मी परत जात नाही," ती म्हणाली.

अण्णांनी चष्मा लावून तो डाग बघितला. मापं घेताना बघायचे तसाच, नीट. कॅमशाफ्ट त्यांच्या हातातच होता. मग म्हणाले, "नवीन संसार आहे. स्वल्प घासू दे, बसतं." आणि जरा थांबून, "दुकानाची पावती जपून ठेवलीस ना? पावती नसेल तर ते बदलून देणार नाहीत."

अक्काने दोन दिवस चूल पेटवली नाही. अण्णा कोपऱ्यावरच्या हॉटेलात इडली खाऊन आले. त्यांनी आवाज चढवला नाही, हात उगारला नाही, कोणाशी भांडले नाहीत. कॅमशाफ्टला ग्रीस लावून, कागदात गुंडाळून त्यांनी तो स्वतः रेणुकाच्या बॅगेत भरला, आणि रोज सकाळी तिला तिकिटाची तारीख विचारत राहिले. मी एकदा धीर करून म्हणालो, "अण्णा, तिला राहू द्या." ते म्हणाले, "तू भाडेकरू आहेस. सरी?" सरी म्हणजे कळलं ना. मी गप्प बसलो. आदर म्हणून नाही, भीती म्हणूनही नाही. मला दुसरी खोली शोधायचा कंटाळा आला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

शेवटी रेणुकाच जायला तयार झाली. अक्का तिचे पाय धरायला गेली. रेणुकाने तिला उठवून बसवलं. "आई, तिथं मारणारा निदान परका आहे," म्हणाली. टॅक्सी मीच बोलावून आणली. बॅग उचलून डिकीत मीच ठेवली. एका कॅमशाफ्टच्या मानाने ती फार जड लागली.

बदललेला कॅमशाफ्ट दीड महिन्यात आला, पोस्टानेच, न वाकता. बरोबर मापाचा. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी पार्सल येत राहिलं, एकही भाग चुकला नाही. पत्र मात्र एकातही नव्हतं. अक्का रिकामं खोकं घेऊन वर यायची. भाग ज्या इंग्रजी वर्तमानपत्रांत गुंडाळलेले असायचे ती मी एकेक उलगडून, समासांतसुद्धा बघायचो. काही नसायचं. एकदा तिला मी आयएसडी बूथवर नेलं. रेणुका फोनवर आली. अक्का विचारत होती, कशी आहेस, जेवतेस का, काय झालं सांग. पलीकडून एवढंच आलं, "बरी आहे. अण्णांना सांग, कार्ब्युरेटर पाठवला." फोन ठेवला गेला. अक्का नंतर वर्षभरात गेली. रेणुका आली नाही. अण्णांनी कळवलं होतं का, ते मी विचारलं नाही.

सत्त्याण्णव साली मी पुण्याला बदली घेतली. निघायच्या दिवशी अण्णा म्हणाले, स्टेशनवर मी सोडतो. इंजिन पुरं होऊन महिना झाला होता. मी त्यांच्या शेजारी बसलो. चामराजपेटेतून निघालो आणि पहिल्याच चढावर मला कळलं की या माणसाने काय केलं आहे. तीस वर्षांची गाडी, पण आवाज नाही, धक्का नाही, दुसऱ्या गिअरमध्ये पाणी वाहावं तशी वर गेली. अण्णांचा उजवा पाय हलतोय हेसुद्धा दिसत नव्हतं. इतकं सुंदर इंजिन मी पुन्हा कुठे अनुभवलं नाही.

सिग्नलला थांबलो तेव्हा मी विचारलं, "रेणुका लिहिते का?"

"आता शहाणी झाली," अण्णा म्हणाले. "पूर्वी पानंच्या पानं भरून काहीबाही लिहायची. आता पार्ट तेवढा पाठवते." दिवा हिरवा झाला. त्यांनी गाडी पुढे काढली आणि कान देऊन जरा वेळ ऐकलं. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून काहीतरी ऐकायची त्यांना फार आस होती. सहा वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"फर्स्ट क्लास चाललंय, अण्णा," मी म्हणालो.