पत्रातला 'अन्यथा'

छप्पर मालकाचं. हे मी आजही म्हणते, पत्रकात छापते, सभेत ओरडून सांगते. भिंतीला ओल आली, आतली वायर जळली, सांडपाण्याचा पाइप फुटला, ते मालकाने बघायचं. नळाचा वायसर, ट्यूबलाइट, आपल्या हातून फुटलेली काच भाडेकरूने. यात न समजण्यासारखं काय आहे?

तरी सांडोरचं ते घर माझ्या डोक्यातून जात नाही. ते मी माझ्याच अक्षरात घालवलं.

दोन खोल्या, वर कौलं, मागे केळी. शेजारच्या मोठ्या घरात मालक राहायचे. निवृत्त शिक्षक, सगळा गाव त्यांना सर म्हणायचा, आम्हीही. दरवर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून आले की ते शिडी लावायचे आणि स्वतः कौलं चाळायचे. आई खाली शिडी धरून.

"बाय, नीट धर. मी पडलो तर नवा मालक शोधावा लागेल तुला."

"आधी वजन कमी करा, सर. शिडी रडतेय."

मग मागच्या पायरीवर तिघांचा चहा. कुठलं काम कुणाचं, हे सहा वर्षांत कुणी बोललंच नाही.

सातव्या वर्षी सरांचा गुडघा गेला. शिडी भिंतीला आडवी पडून राहिली. जुलैत स्वयंपाकाच्या ओट्यावर पाणी ठिबकायला लागलं. आईने खाली टोप ठेवला.

मी तेव्हा भाडेकरूंच्या संघटनेत नुकतीच गेले होते. हात शिवशिवत होते.

"पलीकडेच तर आहेत. जाऊन तोंडाने सांग," आई म्हणाली.

"तोंडी काही नाही. लेखी पाहिजे."

"लेखी? सरांना?"

लिहिलं. विषय, संदर्भ, सात मागण्या. खरी एकच होती, बाकीच्या सवयीने आल्या. आणि खाली, प्रत्येक पत्रकाच्या खाली असतं तेच: 'दुरुस्ती तात्काळ करावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.'

कोण छेडणार होतं आंदोलन? मी आणि आई?

सरांनी ओटीवर उभ्यानेच वाचलं. "'तात्काळ' नाही गं, 'तत्काळ'," म्हणाले. मग 'अन्यथा'वर बोट ठेवून थांबले.

"हे मला लिहिलंस?"

"मालक म्हणून लिहिलंय, सर."

"बरं." घडी घातली, खिशात ठेवली.

पावसाने उघडीप देताच माणसं आली. कौलं उतरवली, पत्रे चढवले. सातही मागण्या मान्य. एक थेंब गळला नाही. माझ्या आयुष्यातला पहिला पूर्ण विजय! पाठोपाठ सरांच्या सुंदर अक्षरातलं उत्तर आलं: 'आपले पत्र मिळाले. आपण सुचवलेली कामे पूर्ण केली आहेत. करार मेअखेर संपतो. आपण अन्यत्र सोय पाहावी.'

आई 'अन्यत्र' वाचून रडली. मी 'आपण' वाचून.

आता बोळिंजला, सातव्या मजल्यावर. करार सोळा पानी, त्यात सगळं लिहिलेलं आहे. मालकाचं तोंड पाहिलेलं नाही. बाथरूमचं छत गळतं. मेसेज टाकला की उत्तरात अंगठा येतो. इथे 'अन्यथा' लिहिलं तर कुणाला लागणारही नाही. आणि ओटा कोरडा असूनही आई कधीकधी टोप तसाच ठेवते. विचारलं तर म्हणते, राहू दे.

गेल्या नाताळात ती मला ओढत सांडोरला घेऊन गेली. सर काठी टेकत फाटकाशी आले.

"ये गं बाय," आईला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आपणही या."

छप्पर तुमचंच होतं, हे मला अजून म्हणायचं होतं. आणि त्या दिवशी पत्र न लिहिता मी चालत यायला हवं होतं, हेही. तोंडातून भलतंच निघालं.

"सर, आता 'तत्काळ' बरोबर लिहिते मी."

"छान," ते म्हणाले. "चहा घेणार ना आपण?"